दोन पंपात लागणारा ब्रेक: एका जुन्या जीपचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं आणि काही तपशील बदलले आहेत. गाडीबद्दलचं सगळं जसंच्या तसं आहे. मालकाला इथे अण्णा म्हणतो आणि ज्यांनी मूळ काम केलं त्यांना मेस्त्री.

गाडी आणि तिचं काम

आजरा तालुक्यातली शेतकऱ्याची जीप. जुन्या विलिस घराण्यातली, डिझेल इंजिन, फोर बाय फोर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून शू दाबतात. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पेडल दाबलं की ब्रेक तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याखाली. सर्किट एकच. म्हणजे चारपैकी कुठल्याही चाकाकडे तेल गळलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेक मात्र चाकांवर नाही. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा छोटा ड्रम आहे आणि तेलाशी त्याचा काही संबंध नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

पावसाळ्यात शेतापर्यंत जायला दुसरं वाहन चालत नाही. सुगी झाली की घनसाळ तांदळाची पोती घेऊन ही गाडी आंबोली घाट उतरते आणि सावंतवाडीच्या गिऱ्हाइकांकडे जाते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. तिथून दाणोलीपर्यंत उतारच उतार.

तक्रार

दिवाळीनंतर पुनर्नोंदणीची मुदत जवळ आली, म्हणून अण्णांनी ब्रेकचं काम एकदाच पुरं करून घेतलं. चारही ड्रम लेथवर टर्न केले (आतून कातून घेतले), शूंना नवे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, रिव्हेट केले, चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरना नवी किट घातली, मास्टर सिलेंडर नवा बसवला, तेल बदललं. खर्चात कुचराई केली नाही. गाडी घरी आली ती मऊ पेडल घेऊनच.

पहिल्यांदा पाय दिला की पेडल पत्र्यापासून दोन बोटांवर जायचं. लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर यायचं आणि ब्रेक लागायचा. लागायचा तोही रबरावर पाय ठेवल्यासारखा. मेस्त्रींनी चार वेळा तेलाच्या लाइनमधली हवा काढली. चौथी खेप माझ्या सांगण्यावरून झाली. अण्णांच्या पुतण्याने फोनवर लक्षणं सांगितली आणि मी गाडी न बघता म्हणालो, "हवा राहिली असणार, परत काढून बघा." मग मास्टर सिलेंडरच खराब असणार म्हणून तो बदलून दुसरा आणला. फरक शून्य.

यानंतर जे झालं ते मी अनेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत पाहिलंय. अण्णांनी पायाला सवय लावून घेतली. "दोनदा मारला की लागतोय की ब्रेक," असं ते सगळ्यांना सांगू लागले. सपाट रस्त्यावर ते खरंही होतं. गाडी दोन महिने तशीच चालली.

घाटातला प्रसंग

जानेवारीत पाच माणसं आणि ५० किलोची चार पोती घेऊन गाडी घाट उतरत होती. गिअर तिसरा, कारण दुसऱ्यात इंजिन ओरडतं. त्यामुळे वेग आवरायचं काम पायाकडे. अर्ध्याहून जास्त घाट उतरल्यावर एका वळणाआधी पेडल तळाला टेकलं. दुसरा पंप, तोही तळाला. तिसऱ्याला थोडं काहीतरी पायाला लागल्यासारखं झालं. अण्णांनी गाडी दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला गटारीत चाक घातलं. पुढचा मडगार्ड चेपला. माणसांना खरचटलंही नाही. शाफ्टवरचा तो जुना हँडब्रेक नसता, तर हे प्रकरण वेगळ्या शब्दांत लिहावं लागलं असतं.

पाऊण तास थांबल्यावर पेडल परत आलं. अण्णांनी माणसं खाली उतरवली, गाडी फोर बाय फोर लो मध्ये, पहिल्या गिअरला टाकली आणि एकट्याने खाली नेली. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

ब्रेक थंडावल्यावर पेडल परत येतं, हे लक्षण मोलाचं असतं. तेल गळलं असतं तर ते असं परत आलं नसतं. म्हणजे बिघाडाचा उष्णतेशी संबंध होता. ढोबळ हिशेब करून बघा. १७०० किलोची भरलेली गाडी ५०० मीटर खाली आणायची तर सुमारे ८३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात पंचवीसेक लिटर गार पाण्याला उकळी येईल. खालच्या गिअरमध्ये यातला मोठा वाटा इंजिन घेतं. तिसऱ्या गिअरमध्ये तो ड्रमवर पडतो.

समोर काय पर्याय होते

मेस्त्रींचं म्हणणं, आणखी एक मास्टर सिलेंडर आणू, या वेळी दुसऱ्या कंपनीचा. माणूस प्रामाणिक आहे. चाळीस वर्षांच्या अनुभवात मऊ पेडलचं कारण बहुतेक वेळा मास्टर किंवा हवा हेच असल्यामुळे हात तिकडेच जातो.

पुतण्याचं म्हणणं, पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवून टाकू. त्याला कोणीतरी पंचवीस-तीस हजारांचा आकडा सांगितला होता. मी याला स्पष्ट विरोध केला. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या कॅलिपरला ड्रमपेक्षा जास्त तेल लागतं, म्हणजे मास्टरचा व्यास बदलायला हवा. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा जो चेक व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कला चालत नाही, तिथे डिस्क घासत राहते. शिवाय नोंदणीत असलेल्या गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणं हा कायद्याचाही प्रश्न आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ रोग कुठे आहे हेच माहीत नसताना वरून नवीन अवयव जोडायचा हे मला पटत नव्हतं.

तिसरा पर्याय माझा. कुठलाही पार्ट विकत न घेता आधी सिस्टिमचे तुकडे पाडायचे आणि मऊपणा कोणत्या तुकड्यात आहे ते पकडायचं. मेस्त्रींच्याच गॅरेजमध्ये, त्यांच्याच हातून. अण्णा मेस्त्रींना म्हणाले, "एक दिवस यांचं ऐकू. नाही सापडलं तर तुमचा मास्टर आणू." ते दोघांनाही मान्य झालं.

तपासणी

सुरुवात पायापासून केली. मऊ पेडल हा एक शब्द झाला, पण त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. दाबून धरलं की हळूहळू बुडणारं पेडल म्हणजे मास्टरच्या आतले रबर कप तेल मागे सोडतायत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. पहिल्यांदा खोल जाणारं पण पंप केल्यावर वर येऊन दगडासारखं होणारं पेडल म्हणजे शू आणि ड्रममध्ये अंतर फार आहे. वर येऊनही स्प्रिंगसारखं लवणारं पेडल म्हणजे दाबाखाली काहीतरी आकुंचन पावतंय, फुगतंय किंवा वाकतंय.

पुतण्याने पूर्ण ताकदीने एक मिनिट पाय दाबून धरला. पेडल तसूभर बुडलं नाही. मग पत्र्यापासून पेडलचं अंतर पट्टीने मोजून भिंतीवर खडूने लिहिलं: पहिल्या दाबाला ३० मिलिमीटर, दुसऱ्याला ८५, आणि ८५ वरही लवतं. म्हणजे अंतराचा दोषही होता आणि लवण्याचाही. दोन रोग एकमेकांत मिसळलेले. एवढी दुरुस्ती फुकट का गेली ते तेव्हाच थोडं उमगलं.

हवेची परीक्षा: मास्टरचं झाकण काढलं, वीस पंप मारून पेडल धरून ठेवलं आणि सटकन सोडलं. लाइनमध्ये हवा कोंडलेली असेल तर दाबलेली हवा प्रसरण पावते आणि टाकीतलं तेल उसळतं. इथे ते जेमतेम हललं. थोडी हवा असेल, पण एवढ्या मऊपणाला पुरेल इतकी नाही.

पुढची परीक्षा सगळ्यात निर्णायक होती आणि तिला वेळ लागला दहा मिनिटं. मेस्त्रींनी भंगारातून त्याच आट्यांचा एक ब्रेक पाइपचा नट काढला, पाइप बुडाशी कापला आणि ब्रेझिंगने त्याचं तोंड बंद केलं. मास्टरचा पाइप सोडवून त्या जागी हा बूच आवळला, थोडी हवा काढली. आता मास्टरला पुढे जायला वाटच नव्हती. अण्णांनी पाय दिला. पेडल वरच्या वर दगडासारखं थांबलं. अण्णांनी परत दिला, मग तिसऱ्यांदा. मग ते खाली उतरले, फळीवरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना मास्टर हातात घेतला आणि तो तसाच धरून बराच वेळ उभे राहिले. बदललेले दोन्ही मास्टर निर्दोष होते.

पाइप परत जोडला. या जीपला तीन रबरी होज, म्हणजे लवचिक नळ्या, आहेत: पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारा एक. तिन्ही होजना रबराचे तुकडे लावून चिमट्याने दाबलं. (होज ठेवायचे असतील तर हे फार जपून करावं, आतला थर फाटतो. आम्ही तिन्ही बदलणारच होतो.) तिन्ही बंद असताना पेडल कडक. म्हणजे लोखंडी पाइपांपर्यंत सगळं ठीक. मागचा होज मोकळा केला, पेडल थोडं उतरलं, पण लवलं नाही. पुढचा डावा मोकळा केला, पेडल खाली गेलं आणि लवायला लागलं. पुढचा उजवाही तसाच, किंबहुना जास्त.

रोग पुढच्या चाकांत होता. मी उजव्या चाकाशी टॉर्च घेऊन बसलो आणि पुतण्याला पाय द्यायला सांगितलं. होजचा मधला भाग बेडकाच्या गळ्यासारखा फुगला. पाय काढला, बसला. परत दिला, परत फुगला. एवढ्या मोठ्या कामात न बदललेला रबराचा पार्ट म्हणजे हे होजच, कारण बाहेरून भेगा दिसत नव्हत्या.

तिथेच थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. नवे होज बसवले, हवा काढली, पेडल सुधारलं, पण लवणं पुरतं गेलं नाही. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांचे, शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे ॲडजस्टर शू ड्रमला पक्के टेकून चाक जाम होईपर्यंत आवळले. आता अंतराचा प्रश्नच उरला नव्हता. तरीही पेडल लवत होतं. शू ड्रमला टेकलेला आहे, होज नवा आहे, हवा नाही, मग हलतंय काय?

ड्रमच्या आत

लायनरवर सगळीकडे खडू घासला, ड्रम चढवला, हलका ब्रेक देत चाक फिरवलं आणि ड्रम परत काढला. खडू गेला होता फक्त मधल्या चार बोटांत. दोन्ही टोकांना तो जसाच्या तसा, पांढराशुभ्र.

ड्रमचा आतला व्यास मोजला. मूळ मापापेक्षा डावा २.२ आणि उजवा २.६ मिलिमीटर मोठा. साधारणपणे व्यासात दीड मिलिमीटरच्या पुढे टर्निंग करू नये असं मानतात, आणि ज्या ड्रमवर कमाल माप ओतलेलं असतं तिथे तेच धरायचं. या ड्रमना आधीही एक-दोनदा टर्न केलेलं असणार. या खेपेला ते हद्दीच्या बाहेर गेले आणि कोणी मोजलं नाही.

मोठ्या झालेल्या ड्रममध्ये मूळ गोलाईचा लायनर नीट बसत नाही. मोठ्या परातीत छोटी वाटी ठेवावी तसा तो मध्येच टेकतो. ब्रेक दाबला की शूची टोकं ड्रमकडे सरकायला बघतात, शू धनुष्यासारखा सरळ होऊ लागतो, आणि ते वाकणं पायाला स्प्रिंगसारखं जाणवतं. हवा नसताना हवा असल्यासारखं वाटतं ते यामुळे. म्हणूनच चार वेळा हवा काढूनही काही निघालं नाही.

आणि पेडल खोल जाण्याचं कारणही इथेच होतं. आठ पिस्टन आहेत, प्रत्येक चाकात दोन. मास्टर आणि व्हील सिलेंडरचा व्यास सारखा धरा, पेडलचं गुणोत्तर सहास एक धरा. प्रत्येक पिस्टन फक्त अर्धा मिलिमीटर जास्त सरकायचा असेल, तर मास्टरला ४ मिलिमीटर आणि पेडलला २४ मिलिमीटर जास्त जावं लागतं. चाकातलं केसभर अंतर पायाखाली इंचभर होतं. आता यात उष्णता घाला. २५० मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडी ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फुगतो. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, कारण उष्णता सामावून घ्यायला लोखंडच कमी उरलेलं असतं. घाटात पेडल तळाला का गेलं आणि थंडावल्यावर का परत आलं, याचा उलगडा तिथे झाला.

तेलाचाही हातभार होता. हवा काढताना बाटलीत जमलेलं तेल परत टाकीत ओतलं जात होतं. ब्रेक तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावरच्या मानकात तो १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात तेलाला उकळी आली होती की नाही हे सिद्ध करता येणार नाही, पण अशा तेलावर भरलेली गाडी घाटात घालू नये.

दुरुस्ती

पुढच्या ड्रमसाठी दोन मार्ग होते. जाड लायनर लावून त्याची गोलाई मोठ्या ड्रमला जुळवायची, हा स्वस्त मार्ग. पेडल त्याने नक्की सुधारलं असतं. पण पातळ ड्रम पातळच राहिला असता, आणि या गाडीला घाट चुकत नाही. अण्णांनी विचारायच्या आतच उत्तर दिलं, "ड्रम नवं घालूया." कोल्हापुरात दोन मिळाले. मागचे मापात होते, ते ठेवले.

नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून घेतले. खडू लावायचा, बसवायचा, फिरवायचा, काढायचा, उंचवटा घासायचा. टोकांपर्यंत खडू पुसला जाईपर्यंत दर शूला पाच-सहा फेऱ्या झाल्या. लायनरची धूळ तोंडाला फडकं बांधून आणि ओल्या फडक्याने पुसून काढली, फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा अजिबात वापरली नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

तेल सीलबंद डबा फोडून डॉट ४ घातलं. मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत आलो: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल सावकाश दाबायचं, चाकावरचं हवा काढायचं निप्पल बंद झाल्याशिवाय सोडायचं नाही, निघालेलं तेल टाकून द्यायचं. मास्टरचा चेक व्हॉल्व्हही पाहून घेतला, तो ठीक होता.

भिंतीवर नवे आकडे लिहिले: पहिल्या दाबाला १०५ मिलिमीटर, दुसऱ्याला ११२. लवणं नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगावरून पंचवीसेक वेळा हलक्या पायाने थांबवून लायनर बसवून घेतले. मग रिकामी गाडी घाटातून उतरवली, आणि आठवड्याने भरलेली, दुसऱ्या गिअरमध्ये. दाणोलीला पोचल्यावर पेडल ९५ वर होतं.

निर्णयाच्या जागा

सर्वांत चुकीचा निर्णय मला दोन महिने गाडी चालवण्याचा वाटतो. दोन पंपात लागणारा ब्रेक पहिल्या पंपात लागत नाही, आणि अचानक समोर काही आलं तर दुसऱ्या पंपाला वेळ मिळत नाही. अण्णांना हे मी त्यांच्या घरी, त्यांच्या मुलांसमोर सांगितलं.

घाटात थांबल्यावर पेडल परत आलं म्हणून गाडी खाली नेली, तेही मला मान्य नाही. माणसं उतरवली आणि लो गिअर घेतला हे शहाणपणाचं होतं, पण ज्या ब्रेकने एकदा दगा दिला त्यावर उरलेला घाट उतरू नये. चाकांना दगड लावून टोइंग बोलवायला हवं होतं.

माझी चूक फोनवरची. पेडल बुडतंय, खोल जातंय की लवतंय, हे तीन प्रश्न मी विचारले असते तर "हवा काढा" हे उत्तर माझ्या तोंडून आलं नसतं. महिना वाचला असता, आणि तो घाटही टळला असता.

लेथवर ड्रम देताना माप घेऊन द्यायचं आणि परत आल्यावर पुन्हा घ्यायचं, एवढं एक जरी झालं असतं तरी पुढचं काही घडलं नसतं. मेस्त्री आता माप घ्यायचा कॅलिपर घेऊन बसतात आणि मापं गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहून देतात. तो ब्रेझिंग केलेला बूच त्यांच्या फळीवर खिळ्याला टांगलेला आहे.

आजची स्थिती

पावसाळ्यात चिखल-पाणी झाल्यावर ऑगस्टमध्ये चारही ड्रम उघडून धुतले. पेडल १०० वर होतं, ॲडजस्टर थोडे आवळल्यावर १०६. मागच्या उजव्या व्हील सिलेंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसली, म्हणून तो सिलेंडर बदलला. दोन सर्किटचा मास्टर बसवावा की नाही हा विषय अजून चालू आहे. माझं मत बसवावा असं आहे, फक्त त्याचा व्यास आणि चेक व्हॉल्व्ह या गाडीच्या ड्रमना जुळणारा मिळायला हवा. तोवर पोती असली की अण्णा आंबोलीच्या माथ्यावरच दुसरा गिअर टाकतात, इंजिन ओरडलं तरी.